कपाळ तेवढं राहिलंय

आईचं चित्र काढायला आत्या आमच्याकडे मंचरला राहायला आली, त्याला महिना उलटून गेला होता. पदर झाला होता, कान झाले होते, कानातली फुलं झाली होती, आणि हनुवटीवरचा मस तर इतका हुबेहूब उतरला होता की आईने तो नखाने खरवडून बघितला. राहिलं होतं ते कपाळ. भुवयांच्या वर आणि केसांच्या खाली कॅनव्हासवर नुसता मातकट रंगाचा पट्टा. रोज सकाळी आई डोक्यावर पदर घेऊन खिडकीपाशी खुर्चीत बसायची आणि विचारायची, "वन्सं, आज करायचं का कपाळ?" आणि आत्या रोज नवी सबब काढायची. उजेड पांढरा आहे. रंग नीट कालवला गेला नाही. शेजारच्यांच्या मिक्सरमुळे हात हलतो.

"चटणी त्यांची आणि हात वन्संचा हलतो?" आई स्वयंपाकघरात येऊन मला विचारायची. तिथून मी बाहेर आले की आत्या म्हणायची, "वहिनींना सांग, खुर्चीत बसून डुलक्या काढू नका. त्यांची मान रोज वेगळ्या बाजूला असते."

मी दोघींच्या मध्ये. बावन्नाव्या वर्षी बँकेतली नोकरी सोडली ती आता निवांत वाचेन, लिहीन म्हणून. लिहिलं काय, तर दोघींच्या औषधांच्या वेळा, दोन वेगवेगळ्या रंगांच्या पेनांनी.

हे चित्राचं खूळ आलं आधार कार्डामुळे. आमच्या भावकीतल्या एक काकू वारल्या. घाईत कुणाला त्यांचा फोटो सापडेना, तेव्हा पोरांनी कार्डावरचाच मोठा करून आणला आणि हार घालून ठेवला. दहाव्याहून आई परत आली ती घाबरीघुबरी होऊन. "बाई गं, चोरी करताना धरल्यागत दिसत व्हती ती." मग तिने आपलं कार्ड काढून बघितलं. त्यावर तर बाई आहे की बुवा हेही धड कळत नव्हतं. "मी मेल्यावर ह्या भुताला हार घालणार तुमी?"

मी लगेच मोबाइल काढला आणि तिचे साठेक फोटो काढले. एकोणसाठात माझं बोट आलं होतं आणि साठाव्यात आई शिंकत होती.

"घरात पेंटरीण असताना तू कशाला मरतीस," आई म्हणाली. "वन्संना आण. त्यांच्या डोळ्याचं काय खरं न्हाई."

डोळ्याचं खरंच काही खरं नव्हतं. काचबिंदूने आत्याचा उजवा डोळा आधीच नेला होता. डावा किती दिवस राहील ते डॉक्टर सांगत नव्हते, नुसते थेंब वाढवत होते. आईचं चित्र हे तिच्या हातचं शेवटचं, हे आम्हा तिघींना ठाऊक होतं, आणि तिघी मिळून ते सोडून बाकी सगळ्या विषयांवर बोलत होतो. आईला आपलं तोंड भिंतीवर लागलेलं जिवंतपणी बघायचं होतं. आत्याचा डोळा जायच्या आत ते व्हायला हवं होतं. आणि आत्या कपाळाला हात लावत नव्हती.

जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत हातात ब्रश धरून पोट भरणारी आत्या ही पहिली बाई. असं ती कधी म्हणत नाही. तिच्या वेळचे पेंटर म्हणायचे, तेही तक्रारीच्या सुरात. पुण्यात चित्रकला शिकून ती जुन्नरला परत आली तेव्हा घरच्यांच्या मते तिच्यापुढे दोन रस्ते होते, लग्न नाहीतर शाळा. तिने गेलेल्या माणसांचे फोटो काढायला घेतले. आमच्याकडे तैलचित्राला कुणी चित्र म्हणत नाही. मशीनने काढला तो फोटो आणि हाताने काढला तो हातचा फोटो. माणूस गेलं की घरातले लोक त्याचा असेल नसेल तो जुना फोटो घेऊन यायचे, कधी लग्नाच्या घोळक्यातला, कधी तंबाखूच्या बोटांनी डागाळलेला, नखाएवढा. आत्या त्यावर पेन्सिलीने बारीक चौकोन आखायची, तेवढेच चौकोन कॅनव्हासवर मोठे करून आखायची, आणि एकेका चौकोनातून तो माणूस इकडून तिकडे न्यायची.

लोक तिला पेंटरीण म्हणायचे. आता मास्तरीण म्हणजे जशी बहुतेक वेळा मास्तरांची बायको, तशी पेंटरीण म्हणजे पेंटरची बायको, असाच पुष्कळांचा समज. दाराशी आलेला माणूस विचारायचा, "पेंटर हायेत का घरात?" आत्या म्हणायची, "मीच." मग तो जरा थांबून, "न्हाई, पर त्ये कधी येत्याल?" आत्याने लग्न केलंच नाही, त्यामुळे हे न झालेले पेंटर आयुष्यभर बाहेरगावी गेलेले राहिले. एका अर्जंट कामाला तर तिने स्वतःच सांगून टाकलं की ते नाशिकला गेलेत, तोवर मी सुरुवात करून ठेवते.

तिला पहिलं मोठं काम दिलं ते घोडेगावच्या एका कापडदुकानदार शेठनी. त्यांच्या वडिलांचा फोटो आधी दोन पेंटरांनी काढला होता आणि दोन्हींत ते निवडणुकीला उभे राहिल्यासारखे दिसत होते. आत्याने त्यांना गादीवर जरा वाकून, कापडाचा पोत बोटांनी बघताना काढलं. शेठ चित्रापुढे उभे राहिले आणि सवयीने म्हणाले, "बापूजी, जेवलात का?" ते तयार चित्र धोतरात गुंडाळून ती एसटीने घेऊन गेली होती तेव्हा कंडक्टरने धोतर बाजूला करून बघितलं आणि म्हणाला, "बाई, आजोबांचं अर्धं तिकीट लागंल." आमच्या घरात हा किस्सा मी इतक्या वेळा सांगितलाय की माझी माणसं आता कंडक्टरच्या आधी तिकीट फाडतात.

तर फोन आला तो बेल्ह्यावरून.

"पेंटरीणबाई हायेत का? आमच्या आजीचा फोटो काढला व्हता बगा तुमी. त्याला कुंकू फुटलंय."

मला मोबाइलचा स्पीकर बंद करता येत नाही, त्यामुळे माझे फोन हे सगळ्यांचे फोन असतात. आई खुर्चीत, आत्या कॅनव्हाससमोर. दोघी ऐकत होत्या.

"फुटलंय म्हणजे?"

"म्हंजे कपाळाला. आजी माझी तरणीताठी असताना आजोबा गेले. फोटूत कपाळ मोकळंच व्हतं. आता तिथं लाल दिसाया लागलंय. पंधरा दिसांवर घरात लगीन आलंय, ताई. पावणं येणार. भावकीतले आत्ताच इचारत्यात, आजोबा माघारी आले का काय राव."

मी हसले. हसून आत्याकडे वळले तर तिने ब्रश खाली ठेवला होता आणि फडक्याने बोटं पुसत होती. एकेक बोट, सावकाश, जणू रंग फार लागलाय. रंग मुळीच लागला नव्हता.

"चल," ती म्हणाली.

"कुठं?"

"बेल्ह्याला."

"आत्ता?"

"मग काय अक्षता टाकायलाच जायचं?"

गाडी मी पन्नाशीत शिकले. चौथा गिअर आहे हे मला माहीत आहे, पण आमची फार ओळख नाही. नारायणगावच्या पुढे आत्याने काच खाली केली, वर केली, खाली केली. रंगांची पेटी मांडीवर होती ती मागे ठेवायला लावली, आळेफाट्याला पुन्हा मांडीवर घेतली. "अजून किती?" असं तिने किती वेळा विचारलं ते मी मोजायचं सोडून दिलं. त्या दिवशी बेल्ह्याचा बाजार होता हे मला पुढे बैलांचा टेम्पो आल्यावर कळलं. त्यातला एक खोंड मागे तोंड करून उभा होता आणि शेवटचे पाच किलोमीटर तो माझं ड्रायव्हिंग बघत होता.

"अगं, घाल ना पुढं," आत्या म्हणाली.

"समोरून ट्रक येतोय."

"तुला नेहमी समोरून ट्रक येतो."

घराला लग्नाचा नवा रंग लागलेला होता. फोन करणारा माणूस चाळिशीचा, नम्र, आणि खूप घाईत; सारखा मोबाइल वाजत होता आणि मांडववाल्याला तो दर वेळी "पाचच मिनिटं" सांगत होता. त्याची आई सत्तरीची, बारीक चणीची, हात पदराला पुसत आली. तीही, माझ्या आईसारखीच, कपाळाने मोकळी. आणि टीव्हीच्या वर तिची सासू.

मी आत्याची पुष्कळ चित्रं पाहिलीत, पण हे पाहिलं नव्हतं. चित्रातली सासू समोर बघत नव्हती, तुमच्या खांद्यावरून मागे बघत होती, दुधाला कोण येतंय ते बघावं तशी. ओठ मिटलेले. आणि कपाळाच्या मधोमध, रंगाच्या आतून, लालसर काहीतरी. धड गोल नाही. जखम भरत आल्यावर खपलीच्या कडेला दिसतं तसलं लाल.

आत्या खुर्चीवर चढली. म्हणजे आम्ही दोघांनी चढवली. भिंग लावून तिने बराच वेळ बघितलं.

"हे पुसलंय का कुणी?"

"म्या पुसते की," म्हातारी म्हणाली. "पयलं वाटलं, माशीनं घाण केली. तवा वल्या फडक्यानं पुसलं. मग दिवाळीला साबणाचं पाणी लावलं. जायनाच. मग जरा राख घेतली."

"राख?" आत्याचा आवाज चिरकला.

"बोटभर."

"किती वर्षं पुसताय?"

"झाली की सात-आठ. दर सणाला पुसते. पर काय झालंय, जितकं पुसावं तितकं लाल व्हतंय."

आत्या खुर्चीवरच भिंतीला हात टेकून उभी राहिली. "अहो, तुम्हीच वर काढलंत ते. पुसून पुसून."

"वर काढलं?" लेकाने मांडववाल्याचा फोन कट केला. "म्हंजे खाली व्हतं?"

"होतं."

"कुणी ठेवलं?"

"मी."

तो हसला, पण ते हसू चांगलं नव्हतं. "आमच्या आजीला कुंकू? कुणाच्या नावाचं, पेंटरीणबाई?"

आत्याने सांगितलं. कपाळ कोरं असलं की तिला चेहरा जुळत नसे. दोन डोळ्यांमधलं अंतर, नाकाची सुरुवात, सगळं घसरत जायचं. म्हणून ती आधी मध्यावर लाल ठिपका द्यायची, त्याच्या मापाने तोंड बसवायची आणि शेवटी वरून कातडीचा रंग चढवून ठिपका झाकून टाकायची. "झाकल्यावर कुणाला कळणार, असं वाटलं होतं. हे असं होईल, हे नाही कळलं मला."

लेक काहीतरी बोलणार होता, पण म्हातारीच बोलली. ती खाली बसली होती, फडकं हातात.

"माझ्या सासूबाई लई कडक व्हत्या, बाई. संक्रांतीला मला सवताच्या हातानं साडी नेसवून हळदीकुंकवाला धाडायच्या, आन् आपुन उंबऱ्यात बी यायच्या न्हाईत. कुणी 'या' म्हणलं तरी न्हाई. पन्नास वर्सं पाळलं त्यांनी. त्यांना न इचारता असं केलंय तुमी." आवाज चढवलेला नव्हता. मिठाचा अंदाज चुकलाय असं सांगावं तसं तिने सांगितलं. "झाका त्ये."

आत्याने झाकलं. दीड तास लागला. मी तिला रंगांची तबकडी धरून दिली आणि रंग कालवताना ती मला विचारत राहिली, "जास्त पिवळा होतोय का? खरं सांग." मी काय सांगणार? बँकेत मी शाईचे दोनच रंग पाहिले. मी "बरोबर आहे" म्हणत गेले, आणि शेवटी चित्रातल्या कपाळावर पाच रुपयांच्या नाण्याएवढी एक फिकट जागा तयार झाली. लेक म्हणाला, "बेस झालं." आत्याला ती जागा दिसत होती. एका डोळ्याने, पण दिसत होती. जेवायचा आग्रह झाला तो तिने मोडला. आमच्या आत्याने जेवणाचा आग्रह मोडलेला मी त्याआधी पाहिला नव्हता.

परतताना मी मात्र फुलले होते. आळेफाटा येईपर्यंत माझ्या मनात अख्खं भाषण तयार झालं होतं. एका बाईने, एकटीने, दोन तालुक्यांतल्या विधवांच्या कपाळावर गुपचूप कुंकू ठेवलं, केवढं हे बंड, आणि ते आमच्या घरात! मी ते बोलूनही दाखवलं.

"कसलं बंड?" आत्या म्हणाली. "माप होतं ते. पुढं बघ."

पुढे बघितलं तर ट्रक होता, खरोखरचा.

"पेठ गावात अशी एक आहे," थोड्या वेळाने ती स्वतःशी म्हणाली. "लोणीत दोन. मंचरला तुमच्या मागच्या आळीत होती, ते घर विकलं. सगळ्या पुसत असतील का गं?"

"सगळ्या राखेने नाही पुसत."

"पेठेला चल."

"आत्या, घरी जाऊन थेंब घालायचेत."

"मग नंतर चल." आणि काच खाली, काच वर.

आई जागेवर होती. म्हणजे खिडकीपाशी खुर्चीत, डोक्यावर पदर घेऊन. मला वाटतं ती दिवसभर उठलीच नव्हती, आत्याला कळावं म्हणून. मी चहा ठेवता ठेवता सगळं सांगितलं, भाषणासकट. आईने भाषण जाऊ दिलं आणि नेमकं मापाला धरलं.

"वन्सं, माप घ्यायला लाल ठिपका लागतो म्हणता. मग पुरुषांचे फोटो कसे काढले?"

"त्यांना गंध असतं."

"सगळ्यांना? त्या कापडवाल्याच्या बापाला कुठं व्हतं?"

आत्याने बशीत चहा ओतला. "नसलं, तर नाकाच्या शेंड्यावरून घेते माप."

"मग बायांना नाकं नव्हती?"

आत्याने बशी तोंडाला न लावताच खाली ठेवली. चौथी शिकलेल्या भावजयीने तिला नेमकं नाकावर पकडलं होतं.

"माझ्या कपाळाखाली काय घालून ठिवलंय?" आईने विचारलं.

"तोंड नाकावरूनच बसवलं. खाली काही नाही अजून," आत्या म्हणाली. "म्हणून तर अडलंय. लाल घातलं तर तुम्ही जिवंत आहात, तुम्हाला सांगायला हवं. नाही घातलं तर... त्या सगळ्यांना घातलं आणि तुम्हाला नाही, असं होतं. हात पुढे जात नाही, वहिनी. रोज सकाळी ठरवते आणि रोज मिक्सर लागतो."

"मग मला इचारायचं व्हतं."

"आजवर कुणाला विचारलं नाही. आमची माणसं मेलेली असायची."

"मी हाये की. महिना झाला समोर बसतीय, कंबर मोडली. इचारा."

आत्याने चष्मा काढला, पुसला, घातला. मग सरळ बसून, परक्या घरी आल्यासारखं तिने विचारलं, "वहिनी, तुमच्या कपाळावर काय काढू?"

"हाये त्ये काढा."

"काय आहे?"

आईने पदर मागे सारला आणि अंगठ्याने भुवयांच्या जरा वरची कातडी ताणली. "ह्ये काय मग?"

गोंदण होतं. मध्ये एक ठिपका आणि भोवती चार, उतरलेले, सुरकुत्यांत बुडालेले. मी त्या कपाळाला तापात पट्ट्या ठेवल्यात. दर आठवड्याला तिच्या डोक्याला तेल लावते. तुम्ही मला आदल्या दिवशी विचारलं असतं की तुझ्या आईच्या कपाळावर काय आहे, तर मी छातीठोकपणे सांगितलं असतं, काही नाही. बाबा गेल्यापासून काही नाही. आमच्या घरातल्या सगळ्या गोष्टी मला ठाऊक असतात अशी माझी ख्याती आहे, ती मीच पसरवलेली.

"सात वर्सांची व्हते," आई सांगत होती. "जत्रंत गोंदणारीण बसली व्हती. आईनं दोन्ही पायात धरून बसवलं मला. लई रडले. मग लगीन झालं, वरून कुंकू आलं, त्यात ह्ये झाकून गेलं. तुमचे भाऊ गेले, कुंकू गेलं, ह्ये परत उघडं झालं. तवाधरनं हायेच की हितं. बाया म्हणत्यात, कपाळ मोकळं झालं. मोकळं कुठंय? कुणी नीट बघतंय का?"

आत्या उठून तिच्यापाशी गेली. डाव्या डोळ्याला भिंग लावून इतकी जवळ गेली की दोघींची नाकं लागली. "हलू नका." "मी न्हाई हलत, तुमीच हलताय." आत्याने बोट पुढे केलं आणि मध्येच थांबवलं. "हात लावू?" "लावा की." तिने एकेक ठिपका बोटाने चाचपला. दिसत होतं त्याहून जास्त ती बोटाने बघत असावी.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कपाळ झालं. मिक्सर चालू होता. रंग सापडायला वेळ लागला, हिरवा नाही, निळा नाही, वहीत बरीच वर्षं राहिलेल्या शाईचा असतो तसा. "खालचा ठिपका वाकडा हाये," आई खुर्चीतून सूचना देत होती. "सरळ नका करू. मी तवा पाय झाडला व्हता." कपाळ पुरं झालं आणि मगच आत्याने आईला कॅनव्हास दाखवला. आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "नाक जरा मोठं झालंय," आणि उठून तोंड धुवायला गेली. ती बराच वेळ नळापाशीच होती.

मला वाटलं, आता झालं. आता घरात शांतता. मी चित्राच्या चौकटीचं माप घ्यायला टेप काढली आणि वळून बघते तर आत्या आपल्या पेटीत ब्रश भरत होती, ओलेच.

"बेल्ह्याला फोन लाव."

"आता काय?"

"चित्रातल्या त्या सासूला गोंदण होतं का, विचार. मला दिलेला फोटो नखाएवढा होता. त्यात कपाळावर काहीतरी काळपट होतं, मी म्हटलं, फोटोचा डाग." ती घाईघाईने बोलत होती. "डाग समजून सोडून दिलं मी, आणि वर माझा ठिपका दिला. असे किती सोडले असतील?"

फोन म्हातारीनेच उचलला. स्पीकर अर्थातच चालू. या वेळी आत्या स्वतः बोलली, आणि आधी तिने विचारलं की गोंदण असलं तर ते काढलेलं तुम्हाला चालेल का, सासूबाईंना चाललं असतं का.

पलीकडे जरा वेळ भांड्यांचा आवाज आला. "गोंदण व्हय? त्याला काय हुतंय. त्ये त्यांचंच व्हतं." मग ती अडखळली. "व्हतं खरं काहीतरी. तुळस व्हती का इच्चू व्हता? बाई, रोज पाया पडत व्हते मी, आन् आता आठवंना. थांबा. त्यांची धाकली भन हाये लोणीला. तिला ठावं असंल. पर तिला ऐकाया येत न्हाई, आन् फोन बी उचलत न्हाई."

"लोणी," आत्या माझ्याकडे बघून म्हणाली. तिथे तिची दोन चित्रं होती हे तिला वेगळं सांगावं लागलं नाही. पेटीची कडी लागली सुद्धा.

"लग्नाला अजून अवकाश आहे, आत्या. रविवारी जाऊ."

"रविवारी मला किती दिसेल ते तू सांगतेस का?"

मी किल्ली शोधायला लागले. ती नेहमी असते तिथे नव्हती, कारण ती आत्याच्या हातात होती. मी खाली पोहोचले तोवर आत्या गाडीत पुढे बसली होती आणि मागचं दार उघडून आई, साडी बदलून, आत शिरत होती.

"तू कुठं निघालीस?"

"बहिऱ्या म्हातारीशी तुमाला बोलता येणार हाये का?" आई म्हणाली. "तिला हात लावून दाखवावं लागंल, ह्ये असं असं व्हतं का म्हणून. कुणाच्या कपाळावर दाखवणार? तुज्या?" तिने दार ओढून घेतलं. "आन् जरा जोरात हाण. वन्संचा उजेड चाललाय."